फोटो बिघडला तो पेरणीच्या दिवशी : धुळ्यातल्या एका परसातली पॉपी

८ मार्च २०२४, महाशिवरात्र. सकाळी साडेनऊच्या सुमारास मी ताईच्या परसात उकिडवा बसून पॉपीचे फोटो काढत होतो. शंभराच्या वर काढले. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले आणि त्यातला एकही ठेवावासा वाटला नाही. लाल फुलं म्हणजे नुसते लाल डाग. पाकळीवरच्या चुण्या, शिरा, रेशमासारखी चमक, काहीच उमटलेलं नव्हतं. मागची चुन्याची भिंत पांढरीफटक. जवळून पाहिलं तर बऱ्याच पाकळ्यांच्या कडा तपकिरी झालेल्या, कागद विस्तवाजवळ धरल्यावर होतात तशा.

संध्याकाळी उपासाची भगर खाताना ताई म्हणाली, "तीन महिने मी पाणी घातलं, एकेका कळीवरचा मावा पुसला. तुला एक फोटो धड काढता येऊ नये?"

मी म्हणालो, "ताई, करपलेल्या फुलाचा मी काय फोटो काढू?"

दोघांचंही निम्मं निम्मं खरं होतं. ते नीट कळायला पुढचा हंगाम जावा लागला. धुळ्यात लग्नाचे फोटो काढणं हा माझा धंदा, पंधरा वर्षं झाली. ताई शाळेत शिकवते आणि उरलेला वेळ बागेत असते. दोन हंगामांत काय केलं, काय मेलं, काय जगलं ते सगळं तारखांसकट तिच्या वहीत आहे. तिला विचारूनच ते इथे मांडतो आहे. पॉपीबद्दल जे ऐकायला मिळतं ते बहुतेक पुण्या-नाशिकच्या हवेला धरून असतं, आणि आपल्याकडे ते जसंच्या तसं चालत नाही.

जागा

ताईचं घर देवपुरात, पांझरेच्या उत्तरेला. मागे साधारण बारा फूट बाय वीस फुटांचं परस. माती तापी खोऱ्यातली नेहमीची काळी, पाणी धरून ठेवणारी आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढी भेगाळणारी. कापसाला ती सोन्यासारखी, पण पॉपीला तिच्यात पाय ओले राहतात. पाणी बोअरचं, जड. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. पूर्वेला शेजारच्या आबांचं दुमजली घर असल्यामुळे जानेवारीत ऊन परसात उतरायला सव्वाआठ होतात. पश्चिमेच्या कुंपणाची भिंत चुना दिलेली. आग्नेयेच्या कोपऱ्यात कढीपत्त्याचं जुनं, गच्च झाड. ही भिंत आणि हे झाड दोन्ही लक्षात ठेवा, पुढे दोघांचंही काम आहे.

बियाणं पाकिटातलं, टपालानं मागवलेलं. एक शर्ली पॉपीचं मिश्रण आणि एक कॅलिफोर्निया पॉपीचं. शर्ली ही युरोपातल्या शेतांत तणासारखी उगवणाऱ्या लाल पॉपीचीच घरंदाज झालेली जात. तिची गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडमधल्या शर्ली गावचे धर्मगुरू विल्यम विल्क्स यांना १८८०च्या सुमारास आपल्या बागेच्या एका कोपऱ्यात एक वेगळंच फूल दिसलं. पाकळ्या लाल, पण कडेला बारीक पांढरी किनार. त्यांनी त्याच फुलाचं बी राखलं आणि पुढे वर्षानुवर्षं निवडत निवडत मधला काळा डाग घालवला, गुलाबी-पांढऱ्या छटा आणल्या. म्हणजे ही जात कुठल्या मोठ्या संशोधन केंद्रात जन्मलेली नाही, घरच्या बागेत रोज सकाळी फूल निरखून पाहण्यातून आलेली आहे. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आपणही बघू की."

पहिलं वर्ष

लग्नसराई, मग नोव्हेंबरअखेरचा अवकाळी पाऊस, मग माती वाळायची वाट. पेरणी झाली ३ डिसेंबरला, रविवारी. ताईनं टोमॅटो-मिरचीची सवय म्हणून बी ट्रेमध्ये टाकलं, वर बोटभर शेणखत पसरलं आणि झारीनं पाणी दिलं.

यात तीन चुका होत्या. पॉपीचं बी मोहरीपेक्षाही पुष्कळ बारीक, एका ग्रॅममध्ये हजारोंनी मावणारं, आणि उगवायला त्याला उजेड लागतो. बोटभर खताखाली त्यातलं निम्म्याहून अधिक गाडलं गेलं. झारीच्या पाण्यानं उरलेलं एका कोपऱ्यात वाहून गेलं आणि तिथे केसासारखी दाट रोपं आली. ती एकेक दिवसाआड जमिनीलगत नरम पडून आडवी व्हायला लागली. वाफ्यातल्या भाजीच्या रोपांना आपल्याकडे मर लागते तीच ही. तिसरी चूक सगळ्यात महाग पडली. पंचवीस दिवसांनी ताईनं चाळीस रोपं उपटून भिंतीजवळच्या वाफ्यात लावली. पॉपीला सोटमूळ असतं आणि ते दुखावलेलं तिला सहसा सोसत नाही. चाळिसांतली अकरा राहिली, तीही महिनाभर रुसल्यासारखी खुंटून.

पहिलं फूल फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आलं. बहर महाशिवरात्रीला, म्हणजे खानदेशात उन्हाळा दाराशी उभा राहिल्यावर. वाफा चुन्याच्या भिंतीच्या पायथ्याशी. सकाळचं ऊन थेट आणि भिंतीवरून परतलेलं असं दुहेरी मिळे आणि संध्याकाळपर्यंत भिंत तापलेली राही. सकाळी उमललेलं फूल बाराला पाकळ्या टाकून मोकळं.

माझी बाजू

लग्नाच्या धंद्यात लाल रंगाशी माझी जुनी ओळख आहे. व्हिडिओवाल्याच्या दिव्याखाली नवरीचा लाल शालू धरला की बुट्टे दिसेनासे होतात आणि कापड एकसंध लाल होऊन बसतं, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. कारण असं : कॅमेऱ्याचा सेन्सर लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळे मोजतो. गडद लाल वस्तूवर लाल भाग केव्हाच काठोकाठ भरतो, हिरवा-निळा अजून तळाशी असतो. कॅमेरा तिन्हींची सरासरी पाहून समजतो की प्रकाश बेताचा आहे. पडद्यावरचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, तोही तेच सांगतो. लाल मात्र उतू गेलेला असतो आणि त्याच्यातले बारकावे नंतर कशानंही परत येत नाहीत.

शालूच्या बाबतीत मी हे जाणतो, एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेला उजेड, उतरवतो. मग फुलाच्या बाबतीत का केलं नाही? कारण मागे पांढरी भिंत होती. भिंत चमकते आहे असं पाहून कॅमेरा आपणहून थोडा काळोख करेल आणि फूल वाचेल, असं मी धरून चाललो. तसं झालं नाही. मी फुलावरच स्पॉट मीटर, म्हणजे एकाच ठिपक्यापुरता उजेड मोजणारा मापक, लावला होता, त्यामुळे कॅमेऱ्यानं भिंतीकडे पाहिलंच नाही. लाल फुटलं, म्हणजे उजेड जास्त होऊन बारकावे गेले, भिंतही फुटली. ही चूक पूर्ण माझी.

पण त्याच दिवशीचे जे चार-पाच फोटो मी एक्स्पोजर दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उतरवून काढले होते, तेही मला आवडले नाहीत. लाल त्यात शाबूत होता, शिरा दिसत होत्या. तरी फूल थकलेलं दिसत होतं, सावल्या कडक होत्या आणि कडा करपलेल्या होत्या. म्हणजे माझी चूक वजा केली तरी फोटो उरतच नव्हता. इथून आम्ही भांडण सोडून वही उघडली.

आबांचा प्रश्न

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, कारण पॉपी लावणाऱ्या प्रत्येकाला ती भेटणार. फुलं आली त्या आठवड्यात शेजारचे आबा कुंपणावरून वाकून म्हणाले, "हाई काय लायेल शे व? अफू ते नही ना?"

प्रश्न रास्त होता. अफूची पॉपी वेगळी जात आहे, तिचं शास्त्रीय नाव पॅपॅव्हर सोम्निफेरम. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यानं परवान्याशिवाय ती लावायला बंदी आहे, शोभेसाठी म्हणूनही नाही. परवाने केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो देतं, त्याचं मुख्यालय ग्वाल्हेरला. ते मिळतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरवून दिलेल्या भागांतच. महाराष्ट्र त्यात नाही. आपल्या स्वयंपाकघरातली खसखस त्याच झाडाचं बी. अनारशाला लावा, काळ्या मसाल्यात भाजून घाला, पण डब्यातली चिमूटभर कुंडीत टाकून "बघू या येतं का" असं करू नका. ती गंमत राहत नाही, गुन्हा होतो. पाकीट घेतानाही नाव वाचा. पिओनी पॉपी म्हणून जे भरगच्च दुहेरी फूल विकलं जातं ते सोम्निफेरमच आहे. ताई रिकामं पाकीट वहीला टाचून ठेवते. तुम्हीही ठेवा.

आबांना ताईनं झाड हातात धरून दाखवलं. शर्लीचा देठ आणि कळी केसाळ, बोटाला खरखर लागते, आणि पान गाजरगवतासारखं चिरलेलं. अफूचं पान गुळगुळीत, कोबीच्या पानासारखं निळसर मेण चढलेलं, आणि देठाला मिठी मारून बसलेलं. पुढे आमच्या एका मामींनी फोटो पाहिले. त्यांचं माहेर मंदसौरकडचं, लहानपण अफूच्या शेताशेजारी गेलेलं. बोंडाचा फोटो पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "ही कुठली अफू! हिचं बोंड बोराएवढं, आमच्याकडे लिंबाएवढं असतं."

मधला उन्हाळा

एप्रिलमध्ये लग्नं होती, पण सकाळ मोकळी असायची. नकाणे तलावाच्या बाजूला पडीक जागेत पिवळा धोतरा फुललेला होता. काटेरी, निळसर-पांढऱ्या शिरांच्या पानांचा. त्याला तण म्हणून कोणी ढुंकून पाहत नाही, पण तो पॉपीच्याच कुळातला आहे, मूळचा मेक्सिकोकडचा. त्याचं बी मोहरीत मिसळलं गेलं की तेल विषारी होतं. १९९८मध्ये दिल्लीत अशा भेसळीच्या तेलानं माणसं दगावली होती. तेव्हा बी घरी आणू नका. फूल मात्र पाहण्यासारखं. पाकळी तशीच पातळ, चुणीदार, उजेड आरपार जाऊ देणारी.

त्याच्यावर मी महिनाभर हात बसवला. पिवळाही लालसारखाच फुटतो. तिथे मला उमगलेली मुख्य गोष्ट अशी की पॉपीच्या पाकळीवर उजेड पाडायचा नाही, पाकळीतून तो येऊ द्यायचा. सूर्य फुलाच्या मागे, खाली, थोडा एका बाजूला. आपण फुलाच्या उंचीला. आणि मागे काहीतरी गडद, सावलीतलं. असं जमलं की पाकळी दिव्याच्या काचेसारखी आतून उजळते आणि प्रत्येक शीर दिसते. पण त्यासाठी सूर्य खाली असायला हवा, आणि तो खाली असतानाच फूल ताजं असायला हवं. एप्रिलमध्ये असली वेळ जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं मिळायची.

घरी येऊन ताईला म्हणालो, "फुलं जानेवारीत आण. बाकीचं मी बघतो."

दुसरं वर्ष

ताईनं बी तीन भागांत पेरायचं ठरवलं, म्हणजे एक तारीख चुकली तरी हंगाम हातचा जाणार नाही. वाफाही हलवला. भिंतीपासून सोडवून परसाच्या मधोमध, कढीपत्त्याच्या वायव्येला, सहा फूट बाय तीन फुटांचा गादीवाफा, जमिनीपासून वीतभर उंच. काळ्या मातीत जवळजवळ तेवढीच जाड वाळू आणि थोडी बारीक खडी. शेणखत अगदी मूठभर, तेही जुनं. खत जास्त झालं की पॉपी पाल्याला जाते, देठ लांबट आणि पोकळ होतात आणि पहिल्या वाऱ्याला लोळतात.

पहिली पेरणी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, १७ ऑक्टोबर २०२४. ती जवळजवळ पूर्ण वाया गेली. ऑक्टोबरची ऊब अजून मातीत होती. थोडी रोपं आली आणि दोन पानांवरच दुपारच्या उन्हात सुकली, काही बी मुंग्यांनी ओढून नेलं. लवकर पेरलं म्हणजे लवकर फुलेल हा माझा हिशेब इथे साफ खोटा ठरला.

दुसरी पेरणी १० नोव्हेंबरला, भाऊबीज होऊन आठवडा झाल्यावर. पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटायला लागलं होतं. ताई म्हणते हीच खूण, तारीख नंतर. चिमूटभर बी ओंजळभर कोरड्या चाळलेल्या वाळूत मिसळलं, म्हणजे ते सारखं पडतं आणि कुठे पडलं तेही दिसतं. वाफा आधी भिजवून घेतला, बी वर नुसतं भुरभुरलं, फळीनं हलकं दाबलं, माती घातली नाही. पाणी फवाऱ्याच्या बाटलीनं, सकाळी एकदा. कडेनं हळदीची रेघ मुंग्यांसाठी. ती रेघ कितपत चालली ते सांगता येत नाही, कारण थंडीनं मुंग्याही कमी झाल्या होत्या. नवव्या दिवशी हिरवा धूर उठावा तशी रोपं दिसली.

मग विरळणी. इथे ताईचा जीव खालीवर झाला, पण तिनं केली. दोन टप्प्यांत, कात्रीनं कापून, उपटून नव्हे, म्हणजे शेजारच्या रोपाचं मूळ हलत नाही. शेवटी वीत-वीत अंतरावर पस्तीस रोपं राहिली. बदली कुठेच केली नाही.

तिसरी पेरणी ८ डिसेंबरला, चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी, त्याच वाफ्याच्या एका टोकाला, त्याच पद्धतीनं. ही तुकडी पुढे फार उपयोगी पडली, कशी ते सांगतो.

डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. केळीवाले धास्तावतात, हरभरा-गहूवाले खूश होतात आणि पॉपी हरभऱ्याच्या पंगतीतली आहे. त्या थंडीत ती वर वाढत नाही, पानांचा चक्राकार गुच्छ जमिनीलगत धरून बसते आणि खाली मूळ करते. संक्रांतीपर्यंत गुच्छातून देठ निघाले, प्रत्येकाच्या टोकाला मान खाली घातलेली केसाळ कळी. मावा आलाच, निंबोळी अर्कानं आटोक्यात राहिला. पहिलं फूल १९ जानेवारीला उमललं, पेरणीपासून सत्तराव्या दिवशी. त्या दिवशी ताईचा फोन पावणेसातला आला, आणि तिनं नुसतं "ये" म्हणून ठेवला.

सकाळ

उद्या कुठलं फूल उमलणार ते आदल्या संध्याकाळी ओळखता येतं. मान खाली घातलेली कळी अजून दोन-चार दिवस दूर असते. जिची मान सरळ झाली, जी आकाशाकडे पाहायला लागली आणि जिच्या दोन हिरव्या टोपणांमध्ये रंगाची रेघ दिसली, ती उद्याची. ताई दिवेलागणीला फेरी मारून अशा प्रत्येक कळीजवळ आइस्क्रीमची काडी खोचून ठेवायची. सकाळी शोधाशोध नाही.

सकाळी सातच्या पुढे टोपणं फाटायला लागतात. कधी दोन्ही खाली गळतात, कधी एक फुलाच्या डोक्यावर टोपीसारखं अडकून राहतं. तो क्षण चुकवू नका, ते काढून टाकायचा मोह तर आवराच. आतल्या पाकळ्या बोचक्यात कोंबलेल्या मलमलीसारख्या चुरगळलेल्या असतात आणि डोळ्यांदेखत, तासा-दीड तासात, स्वतःच स्वतःला इस्त्री करतात. माझ्या मते पॉपीचं खरं चित्र याच तासात आहे. पूर्ण उमललेलं फूल सुंदरच, पण ते सगळेच काढतात.

ऊन उतरेपर्यंतच्या वेळात आकाशाचा मऊ उजेड असतो, सावल्या नसतात. हे चुण्यांसाठी उत्तम. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे कॅमेऱ्याची जुळणी, मी ऑटोवर ठेवला नाही. सावलीत शेडवर, उन्हात डेलाइटवर. ऑटोवर तेच फूल एका फोटोत नारिंगी आणि पुढच्यात गुलाबी येतं. सव्वाआठला आबांच्या गच्चीवरून पहिला पट्टा आला की लगबग सुरू. कढीपत्ता अजून त्या घराच्या सावलीत असतो, फूल उन्हात येतं, आणि मी वायव्येला आडवा पडून फुलातून सूर्याकडे तिरपा पाहतो. मागे जवळजवळ काळं-हिरवं, पुढे पेटलेली पाकळी. त्यासाठी पडदा लावला नाही, काही लावलं नाही, नुसता वाफा तिथे असल्यानं ते मिळालं. वाफ्याची जागा ठरवताना ताईनं मला विचारलं होतं, "तू कुठे पडणार?" एवढंच.

सेटिंगमध्ये फार काही नाही. रॉ, म्हणजे सेन्सरनं टिपलेली कच्ची फाइल. लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम चालू, आणि लाल रेघ उजव्या भिंतीला टेकणार नाही इतकं एक्स्पोजर खाली. बहुतेक एक स्टॉप लागला, गडद लाल फुलाला त्याहून थोडा जास्त. अगदी जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स, एफ ८, फोकस पुंकेसरांच्या वर्तुळाच्या जवळच्या कडेवर. शटर १/५००च्या खाली नाही, कारण पॉपीचा देठ दोऱ्यासारखा बारीक आणि आपल्याला कळतही नाही इतक्या वाऱ्यानं फूल डोलतं. नवाच्या पुढे वारा सुटतो, मग थांबायचं. तोवर मधमाश्या येतात. पॉपीत मध नसतो, त्या फक्त परागासाठी येतात आणि पुंकेसरांत अक्षरशः लोळतात. वारा नसला तर त्यांच्यासाठी थांबा.

फुलावर पाणी शिंपडून दव केल्याचं दाखवू नये. पाकळी इतकी पातळ की थेंबाच्या वजनानं ती खाली येते आणि वाळल्यावर जड पाण्याचा पांढरा डाग राहतो. जानेवारीत खरं दव पडतं, ते पुरे आहे.

ताईनं तिच्या साध्या मोबाइलवर काढलेला एक फोटो माझ्या सगळ्यांहून सरस आहे. टोपी अडकलेली गुलाबी शर्ली, मागे काळोख. तिनं केलं ते असं : फोन फुलाला चिकटवला नाही, तीन हात मागे राहून दुप्पट-तिप्पट झूम केला, पाकळीवर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढली. पोर्ट्रेट मोड मुद्दाम लावला नाही, त्यात देठावरचे केस पुसले जातात. जवळून रुंद लेन्सनं काढलं की फूल बशीसारखं फुगतं, हे तिला स्वतःहून कळलं.

मग बदललं नेमकं काय?

हा प्रश्न ताईचा, आणि योग्य. दुसऱ्या वर्षी तारीख बदलली, जागा बदलली आणि माझं एक्स्पोजरही बदललं. तिन्ही एकदम बदलल्यावर श्रेय कुणाला?

इथे डिसेंबरची तुकडी कामी आली. तिला फुलं आली १८ फेब्रुवारीच्या पुढे. वाफा तोच, कढीपत्ता तोच, कॅमेरा आणि हातही तोच, फक्त एक महिना उशीर. २३ फेब्रुवारीला मी जानेवारीसारखाच पडलो. फोटो आदल्या वर्षीच्या महाशिवरात्रीपेक्षा निर्विवाद चांगले आले. तेवढं जागेचं आणि एक्स्पोजरचं. पण जानेवारीच्या जवळही गेले नाहीत. ऊन लवकर उतरलं आणि भराभर वर चढलं, कढीपत्त्यावरही पडलं, मागचा काळोख गेला. २० जानेवारीला धुळ्यात भरदुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४९ अंशांवर असतो, ८ मार्चला ६४. सकाळच्या कोवळ्या वेळेलाही तीच कात्री लागते. ताईची मलमलची पांढरी ओढणी तारेच्या कड्यावर ताणून ऊन गाळलं, सावल्या मऊ झाल्या, पण मागून येणारा तो उजेड ओढणीनं परत आणता येत नाही.

फुलांचंही तसंच. ताईनं दोन्ही वेळी बारा-बारा फुलांच्या देठांना दोरा बांधून ठेवला होता. जानेवारीतल्या बारांपैकी नऊ दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही पाकळ्या धरून होती, फेब्रुवारीतल्या बारांपैकी दोनच. आदल्या वर्षी दुहेरी उन्हात ती दुपारही पाहत नव्हती. म्हणून आम्हा दोघांचा निकाल असा : पहिल्या वर्षाचा लाल डाग माझा, भिंत दोघांची, पण करपलेली कड, कडक सावली आणि हातात उरलेली पंधरा मिनिटं ही सगळी ३ डिसेंबरची देणगी. फोटो मार्चमध्ये काढला, बिघडला तो पेरला त्या दिवशी.

कॅलिफोर्निया पॉपीबद्दल थोडक्यात. ती कोरडं आणि ऊन जास्त सोसते, भिंतीजवळही मार्चपर्यंत टिकली. पण रात्री आणि ढगाळ दिवशी पाकळ्या छत्रीसारख्या मिटून घेते, आणि ऊन चांगलं तापल्याशिवाय उघडत नाही. पहाटेच्या माझ्या सगळ्या कवायतीचा तिच्यापुढे उपयोग नाही. तिला दहानंतर, वरून ओढणी धरून. केशरी रंगावर लालसारखीच नजर ठेवा.

तिसरं वर्ष

एप्रिलमध्ये ताईनं शर्लीची बोंडं वाळवून बी कागदी पाकिटात भरलं. बोंडाच्या झाकणाखाली भोकं असतात, मिठाच्या डबीसारखी. वाऱ्यानं हललं की बी आपोआप सांडतं. तिनं वेळेवर कापली तरी बरंच सांडलं होतंच. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, त्या जागेवर शहाबादी फरशी धुतली गेली, पाय फिरले.

यंदा भाऊबीजेला मी घरी गेलो तेव्हा ताई पाकीट घेऊन पहाटेच्या थंडीची वाट पाहत होती, वाफा तयार होता. पुढे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिनं मला फोटो पाठवला. फरशीच्या दोन तुकड्यांमधल्या चिरेत, जिथे कोणी काही पेरलं नव्हतं, तिथे ओळीनं हिरवी धुरकट रोपं. वहीत पाहिलं तर गेल्या वर्षी १० तारखेचं बी १९ला उगवलं होतं. ही १८ तारखेची. ताईनं ती जागा झाडायची नाही म्हणून विटा मांडून ठेवल्या आहेत, आणि आबांनी त्यांच्या बाजूनं कुंपणाला लावलेली सायकल हलवली आहे.